घुमणारा हात

माझ्या उजव्या तळहाताला एक खोड लागली आहे. बसमध्ये दांडा धरायचा असला की तो आधी नुसता टेकतो, आत काही लागतंय का बघतो, आणि मग धरतो. फ्रीजच्या दारावर, गिरणीत पिठाच्या डब्यावर, नवनगरातल्या आमच्या घरमालकिणीच्या मांजरावर, सगळीकडं तेच. मांजर गुरगुरत असलं की मला बरं वाटतं. गप्प असलं की मी त्याला हलवून उठवते. घरमालकीण म्हणते, "काय गं, मांजराची नाडी बघतीस व्हय?"

मला नाडी बघायची नसते. माझा हात दुसरंच काही शोधत असतो, आणि ते काय आहे ते सांगायचं म्हणजे माझं काम सांगावं लागेल.

लिहायची मला भीती वाटते, हेही सांगून टाकते. आठवीत शाळा सुटली. गाव हिंगोलीकडचं. नवऱ्याला हुबळीजवळ तारिहाळच्या फाउंड्रीत काम मिळालं म्हणून इकडं आले, आणि आल्यापासून माझी मराठी निम्मी कन्नड झाली. पण हा अंक काढणाऱ्या ताई म्हणाल्या, "बोलतेस तशी लिही, ऱ्हस्वदीर्घ आम्ही बघू." म्हणून बसले आहे. चुकलं तर त्यांच्यावर.

मी हुबळीच्या एका दवाखान्यात डायलिसिस विभागात अटेंडंट आहे. किडनीचं काम रक्त गाळायचं. ती बंद पडली की ते काम मशीन करतं. पेशंट आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो, वजन देतो, खुर्चीवर आडवा होतो. एका नळीतून रक्त मशीनकडं जातं, दुसरीतून परत येतं. निम्मा दिवस त्यात जातो. थंडी वाजते म्हणून प्रत्येकाची घरून आणलेली चादर असते. पहिल्याच दिवशी कुणाची तरी चादर सारखी करताना माझी बोटं नळीला लागली. नळी गरम होती. मला एकदम वाटलं, आपण या माणसाच्या आत हात घातलाय. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

एवढ्या जाड सुया पुन्हा पुन्हा घ्यायला साधी शीर टिकत नाही. म्हणून ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडतात. फिस्टुला म्हणतात त्याला. ती शीर मग दोरखंडासारखी फुगते, आणि तिच्यातून रक्त एवढ्या जोरानं पळतं की वरून हात ठेवला तर आत काहीतरी थरथरतं. कान लावला तर ऐकूही येतं. घूंऽऽ घूंऽऽ, थांबत नाही. आमच्या गावाकडं अंगात आलेली बाई घुमते. मी पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा तोंडातून तेच निघालं, "सिस्टर, हा हात घुमतोय." शकुंतला सिस्टर, आमच्या इन्चार्ज, खूप हसल्या. पण शब्द राहिला. आता कन्नड बोलणारे पेशंटही मला विचारतात, "अक्का, घुमतंय का बघा जरा."

घुमणं थांबलं तर जोड बंद पडला. मग धावपळ. म्हणून आम्ही सगळ्यांना शिकवतो की उठल्या उठल्या आधी हातावर हात ठेवायचा, मग देवाला जोडायचे.

शकुंतला सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. मला लादी पुसायला घेतलं होतं, त्यांनी मला माणसांना हात लावायला शिकवलं. सुई काढल्यावर भोकावर कापूस ठेवून बोटानं दाबून धरावं लागतं. तिथं माझं सगळं कौशल्य. कमी दाबलं तर रक्ताची चिळकांडी उडते. जास्त दाबलं तर जोड गुदमरून कायमचा बंद पडू शकतो. सिस्टरांनी माझं बोट धरून दाखवलं होतं, "रक्त थांबलं पाहिजे. आवाज थांबता कामा नये. या दोन्हींच्या मधे तुझं बोट." मधली ती जागा मला सापडली तेव्हा मी शाळा पास झाल्यासारखी घरी गेले.

आणि त्या दाबून धरायच्या वेळात माणसं बोलतात. तुम्ही हललात तर त्यांचं रक्त जाणार, त्यामुळं तुम्ही कुठं जात नाही हे त्यांना ठाऊक असतं. तरणी पोरं तर तेव्हाच बोलतात. म्हाताऱ्यांचं बोलणं निम्मं देवाशी असतं. तरण्यांचं वेगळं असतं. एक कॉलेजचा पोरगा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालायचा. म्हणाला, "बसमध्ये शेजारी मुलगी बसली अन् तिला आवाज गेला तर?" मी म्हटलं, एवढा मोठा नसतो रे. तो म्हणाला, "मला तर सगळ्या बसला ऐकू जातोय असं वाटतं."

आमच्याकडं एक रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही. पेशंट गेला की त्याच्या पाळीला त्या दिवशी त्या खुर्चीवर कुणाला घेत नाहीत. पण मशीन तर धुवावं लागतं. मग मी ते धुवायला लावते. नळ्या एकमेकींना जोडून देते, आणि रिकाम्या खुर्चीपुढं ते मशीन आपलं चालू राहतं. चाक फिरतं, पाणी फिरतं. शेजारचे पेशंट भिंतीकडं तोंड करून पडून राहतात. कोण गेलं हे आम्हाला सांगावं लागत नाही.

विश्वनाथ खिडकीजवळच्या खुर्चीवर यायचा. कमरीपेठेतला. खाली मोटर रिवायंडिंगचं दुकान, वर घर. मूळचे मिरजेकडचे, पण हुबळीत कितवी पिढी ते त्यांनाही सांगता येत नाही. वडील वारल्यावर पोरगा शिक्षण सोडून दुकानात बसला, म्हणून आमची जोडी जमली. दोघंही अर्धवट. जळालेल्या मोटरला नवी तार भरायची, ती फिरवायची आणि कान लावून ऐकायचं, हा त्याचा धंदा. स्वतःच्या हातालाही तो तसाच कान लावायचा.

"अक्का, आज आरपीएम कमी आहे."

"बीपी कमी आहे तुझं."

"तेच ते. व्होल्टेज म्हणा."

आजार लागला तेव्हा पोरगा विशी ओलांडून नुकता पुढं गेला होता. लग्न ठरलेलं, ते मोडलं. आईनं आपली एक किडनी दिली. ती थोडी वर्षं चालली आणि शरीरानं टाकून दिली. पुन्हा मशीन. मग हृदय कमजोर झालं. शेवटच्या वर्षात मशीन लावलं की त्याचं बीपी खाली जायचं, पायात गोळे यायचे, डोळे पांढरे व्हायचे. मी पोटऱ्या चोळायची. सिस्टर मशीन हळू करायच्या. हळू केलं की रक्त नीट साफ व्हायचं नाही. दम लागून तो पुन्हा भरती. असं चाललं होतं.

त्याची आई, आम्ही काकू म्हणायचो, दर वेळी बाहेर बाकावर बसायची. मशीन सुटलं की आत यायची, त्याच्या हातावर सरळ कान ठेवायची, सगळ्यांदेखत. मग मान वर करून म्हणायची, "चालू आहे." आणि पिशवी उचलायची. डॉक्टर काय म्हणतात, रिपोर्ट काय म्हणतो, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. घरी दुपारी पोरगा झोपला तरी ती जाऊन कान लावून यायची. विश्वनाथ म्हणायचा, "आमच्या घरात मी झोपलो की हाताला पहारा असतो."

एके दिवशी मी त्याचा हात दाबून धरला होता. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अक्का, मला हे बंद करायचंय."

"खिडकी लावू?"

"खिडकी नाही. मशीन."

माझं बोट हललं असावं. कापूस लाल झाला. मी पुन्हा ती मधली जागा शोधली.

"मला इथं खुर्चीवर मरायचं नाही. आयसीयूत नळ्या घालून पण नाही. दुकानाच्या वर, आमच्या खोलीत. पण आई ऐकत नाही. मी तोंड उघडलं की कान लावती हाताला अन् म्हणती चालू आहे. तिला न सांगता मेलो तर ती म्हणणार, हात चालू होता अन् माझा पोरगा दवाखान्यानं मारला. किंवा म्हणणार, मीच मारला. मला तिच्या तोंडावर सांगायचंय, अन् तिनं ऐकायला पाहिजे. वेळ जास्त नाही."

मी घाबरले. हे माझं काम नव्हे असं वाटलं. तेव्हा आमच्याकडं एक नवीन डॉक्टरीणबाई येऊ लागल्या होत्या, धारवाडच्या. त्यांचं काम वेगळं होतं. ज्यांची किडनी आता बरी होणार नाही त्यांचा दम, खाज, मळमळ, दुखणं, झोप आणि भीती, हे सगळं त्या बघायच्या. मला आधी वाटायचं, डॉक्टरांनी हात टेकले की या बाईला बोलावतात. तसं नसतं. त्या आधीपासून येतात, मशीन चालू असलेल्यांकडंही, आणि तरण्या पोरांपाशी जास्त वेळ बसतात. कारण म्हाताऱ्याला मरणाचं विचारायला घरचे धजतात, तरण्याला कुणी विचारत नाही. त्यांनी विश्वनाथला विचारलं होतं. एकदा नव्हे, पुष्कळदा. तो दर वेळी तेच बोलला होता. मशीन बंद केलं की काय होईल, किती थोडे दिवस मिळतील, दम लागला तर काय औषध, सगळं त्यांनी त्याला सांगितलं होतं.

मी त्यांना त्याचं आईविषयीचं बोलणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी जाऊया. तुम्ही बर्री, या बरोबर. तुमच्या हाताची त्यांना ओळख आहे."

दुपारी गेलो. खाली दुकान बंद होतं. फळीवर रिकाम्या मोटरी ओळीनं ठेवल्या होत्या, आतून तार काढलेल्या. जिन्यातून जाताना मला घूं असं ऐकू आलं. वाटलं वर पंखा असेल. वर पंखा नव्हता. त्याला थंडी वाजते म्हणून काढून ठेवला होता.

काकूनं चहा केला. विश्वनाथला वाटीत बर्फाचा एक खडा दिला. त्याला पाणी मोजून असतं, साठलं की दम लागतो, म्हणून खडा चोखायचा. घरात पाण्याची घागर कुठं दिसली नाही. मशीन पुन्हा लागल्यापासून काकूनं ती आत कडी लावून ठेवली होती.

डॉक्टरीणबाई हळूहळू बोलल्या. मधेच कन्नड, मधेच मोडकी मराठी. काकूनं सगळं ऐकून घेतलं, उठली, त्याच्या शेजारी बसली आणि हातावर कान ठेवला.

"केळ्री डॉक्टर. तुम्हीच ऐका. चालू आहे की. कालच्यापेक्षा जोरात आहे."

काकूचा कान हातावरच होता. विश्वनाथनं दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. लहान पोराच्या ठेवतात तसा.

"आई, तशीच राहा. उठू नको. आपल्याकडं बोअरची मोटर येते बघ. माणूस म्हणतो मोटर तर मस्त फिरतेय, आवाज पण आहे, पाणी तेवढं येत नाही. बाबा काय म्हणायचे त्याला?"

काकूनं कान आणखी घट्ट दाबला.

"काय म्हणायचे?"

"कोरडी फिरतेय म्हणायचे." तिचा आवाज त्याच्या हातातूनच आल्यासारखा आला.

"मग?"

"मग म्हणायचे... मोटरचा दोष नाही. खाली पाणी संपलंय."

"तशी चालवली तर?"

रिवायंडिंगवाल्याची बायको ती. तिला ठाऊक होतं. "जळते," ती म्हणाली. खूप वेळानं डोकं उचललं. कानावर फुगलेल्या शिरेचा वळ उठला होता.

"तुला त्रास होतोय, विशू?"

"होतोय गं."

"मग मला सांगायचं नाहीस व्हय, एवढे दिवस?"

तो हसला. "तू कान दुसरीकडं लावून बसलीस. तोंडाकडं कुठं लावलास?"

काकू उठून आत गेली. कडी वाजली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. ती तांब्या घेऊन आली. घागरीतलं पाणी पेल्यात ओतलं, काठोकाठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं थोडं प्यायला द्या, दम लागला तर मी आहे." त्यानं पेला दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि डोळे मिटले. पाणी पिताना मी माणसाला एवढं सुखी कधी बघितलं नाही.

त्यानंतर तो आमच्याकडं आला नाही. त्याच्या पाळीला मी खिडकीजवळचं मशीन धुवायला लावलं नाही. तो अजून होता. सिस्टरांनी ती खुर्ची तशीच ठेवली, चादर घडी घालून.

डॉक्टरीणबाई आणि त्यांची नर्स एक दिवसाआड जायच्या. मी सुट्टीला जायची. खाज थांबली होती, मळमळ थांबली होती, तो जास्त झोपायचा. जागा झाला की आईला दुकानाचं सांगायचा. कुठली तार कुठं, कुणाची मोटर कुणाला परत द्यायची. नारळपाणी मागून प्याला. केळं खाल्लं. दोन्ही त्याला बंद होतं. "आता चोरून खायची मजा गेली," म्हणाला.

गेला तेव्हा सकाळ होती, चांगलं ऊन आलं होतं. मी शेजारी बसले होते, तळहात त्याच्या हातावर. श्वास लांब लांब पडत गेला. मग एक आला आणि पुढचा आला नाही. काकू पायाशी होती. तिनं मला विचारलं, "चालू आहे?"

मी खोटं बोलले नाही. हात घुमत होता. छाती थांबली होती, चेहरा गेलेला दिसत होता, आणि माझ्या तळव्याखाली ते चालू होतं. मी म्हटलं, "चालू आहे, काकू." ती आली, कान ठेवला. बटन बंद केल्यावर पंखा फिरत राहतो तसं ते हळू हळू होत गेलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं की असं होतं, श्वासानंतर हृदय थोडा वेळ चालतं. असेल. पण काकूनं डोकं उचललं त्याच्या आधीच माझ्या हाताखालचं थांबलं होतं, आणि ती मात्र ऐकतच होती.

पुढच्या पाळीला मी मशीन धुवायला लावलं. शेजारचे भिंतीकडं वळले.

काही आठवड्यांनी काकू दवाखान्यात आली. त्याच्याच दिवशी, त्याच्याच वेळेला. पिशवी घेऊन बाकावर बसली. मला म्हणाली, "जरा घरी येऊन जा गं. घुमतंय."

"काय घुमतंय?"

"ते मला कळलं असतं तर तुला बोलावलं असतं व्हय?"

दुपारी गेले. गल्लीत वीज नव्हती, सगळे दाराशी वारा घेत बसले होते. दुकानाचा मेन स्विच तिनं मला हात लावून दाखवला, खाली पाडलेला. फळीवर तशाच रिकाम्या मोटरी. वर त्याची खाट भिंतीला लागून. "इथं," ती म्हणाली. मी भिंतीला कान लावायला घाबरले, म्हणून तळहात टेकला.

घुमत होतं.

बारीक, एकसारखं. मी हात काढला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. होतं. माझीच नाडी असेल म्हणून दुसरा हात ठेवला. होतं. मी म्हटलं, शेजारी गिरणी असेल, काही असेल. काकू म्हणाली, "वीज नाही की गल्लीत." तिला भीती वाटत नव्हती. मला वाटत होती. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जमिनीखालून कुठलं तरी पाणी जात असेल. मी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोघींनाही सवय लागली आहे, काकूंना एकटं ठेवू नका, येऊ दे त्यांना इथं. त्याही बरोबर असतील.

म्हणून काकू येत राहिली. कुणी विचारलं तर मी म्हणायची, माझी मावशी आहे.

अशातच खिडकीजवळच्या खुर्चीवर भुवना आली. बी.कॉम. शिकणारी, हातात नुकताच फिस्टुला करून घेतलेली. तिला त्या हाताची भीती होती. अंगापासून लांब धरायची, चादरीच्या बाहेर, दुसऱ्याचा असल्यासारखा. सकाळी हात ठेवून बघायला सांगितलं तर रडायला लागायची. "अक्का, आत काहीतरी आहे. मी झोपले की ते जागं असतं."

आम्ही पुष्कळ समजावलं. डॉक्टरीणबाई बसल्या, सिस्टर बसल्या. भीती गेली नाही. आणि हात न बघणाऱ्याचा जोड एखाद्या दिवशी मुकाट्यानं बंद पडतो, हे मी बघितलं आहे.

त्या दिवशी तिचं मशीन सुटलं. मी कापूस ठेवून दाबून धरलं होतं. काकू कधी आत आली मला कळलं नाही. ती त्या खुर्चीकडं बघत होती. मग वाकली आणि काही न विचारता तिनं पोरीच्या हातावर कान ठेवला. भुवना ताठ झाली. माझं बोट अडकलेलं, मला हलता येईना.

बराच वेळ गेला. काकूचा चेहरा मला दिसत होता. आधी तो उजळला, मग नाही.

"हा त्याचा नव्हे," ती म्हणाली.

भुवनानं बारीक आवाजात विचारलं, "कुणाचा?"

काकूनं पुन्हा कान लावला. आता ऐकायची तिची तऱ्हा वेगळी होती, गिऱ्हाइकाची मोटर ऐकतात तशी. "बारीक आहे. नवीन आहे ना अजून. चालून चालून नीट बसंल."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कशाची गं?"

"आत जे आहे त्याची. काय म्हणतंय ते?"

"काय म्हणणार? फिरतोय म्हणतंय. बघ की." काकूनं पोरीचा दुसरा हात उचलला आणि तिच्याच शिरेवर ठेवला. भुवनानं डोळे घट्ट मिटले. पण हात काढला नाही.

मी हे सगळं बघताना बोटाकडं दुर्लक्ष केलं असावं. काकूनं आपला हात माझ्या हातावर ठेवला. "दाबू नको एवढं," ती म्हणाली.

मी बोट सैल केलं. रक्त थांबलेलं होतं. कापसाखाली घुमत होतं. वरून काकूचा हात माझ्या हातावर, तिला कसला जोड नाही, तरी तोही घुमत होता. मी श्वास धरून लक्ष दिलं. खालून वर येतंय की वरून खाली जातंय, मला सांगता येईना.